अलगीर बातिरचा बारावा मुलगा

तोकोनच्या लेकीच्या, मीरिमच्या कानांत कर्णफुलं घालायचा दिवस शनिवारी ठरला आणि मतदान त्याच्या पुढच्या रविवारी आलं, हा काही योगायोग नव्हता. गेल्या चार वर्षांत तोकोनच्या घरात योगायोगाने काही घडलंच नव्हतं. जे घडायचं ते दाइर ठरवत असे. दाइर हा पक्षाचा माणूस. पक्षाने या काळात तीनदा नाव बदललं आणि दोनदा रंग बदलला, दाइर मात्र तोच राहिला, आणि कुणाच्याही घरी गेला की मानाच्या जागेच्या अगदी शेजारी बसायचा, हेही तसंच राहिलं. उमेदवाराच्या मुलीची सोयरीक जुळते आहे, तीही जुना वीरपुरुष अलगीर बातिरच्या थेट वंशजांशी, मग वेगळी सभा घ्यायचीच कशाला, असं त्याचं म्हणणं पडलं.

तोकोनच्या बायकोचं, अनारकुलचं म्हणणं कुणी विचारलं नव्हतं. नवरा निवडणुकीला उभा राहिला तेव्हाही नव्हतं आणि आता लेकीच्या सोयरिकीचा दिवस ठरवतानाही नव्हतं. ती दाराशी, सामोवारजवळ, चहाच्या तोटीवाल्या भांड्याजवळ बसून चहा ओतत होती. सव्वीस वर्षं तिची जागा तीच होती. तिथून सगळ्यांचे चेहरे दिसतात आणि आपला कुणी बघत नाही, एवढं त्या जागेचं सुख. प्याला अर्धाच भरायचा, हे तिला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. अर्धा प्याला म्हणजे बसा, घाई नाही, अजून आहे. काठोकाठ भरलेला प्याला हातात आला की पाहुण्याने न बोलता आपले बूट शोधायचे.

मुलाचे वडील जुमाली मानाच्या जागी बसले होते. त्यांच्यासमोर मेंढराचं डोकं ठेवलेलं होतं आणि ते सावकाश त्याचा कान कापत होते. शेजारी त्यांची बायको सालकिन, मांडीवर लाल मखमली डबी. त्या डबीत सालकिनच्या सासूची चांदीची कर्णफुलं होती. ती मीरिमच्या कानांत पडली की सोयरीक झाली. मग दोन्हीकडच्यांनी मेंढराच्या शेपटाची चरबी आणि कलेजी एका घासात खायची की ती पक्की झाली. डबी आली तशी परत गेली, तर या तळ्याकाठच्या गावात त्या मुलीच्या दारावर दुसरं कुणी येत नाही. मीरिम आतल्या खोलीत पांढरा रुमाल बांधून, मोकळ्या कानांनी, हाक येण्याची वाट बघत बसली होती. मुलगा आपल्या घरी तेच करत असणार. दोघं शाळेपासून एकमेकांना ओळखत होती आणि गेली दोन वर्षं ओळखत नसल्यासारखं दाखवत होती, म्हणजे ते अख्ख्या गावाला माहीत होतं.

खिडक्या उघड्या होत्या. अंगणात मोठ्या कढईखालचा जाळ मंदावला होता.

"आगीचा घास टाका गं थोडा," अनारकुलने बाहेर आवाज दिला.

सालकिन हसली. "अजून 'आगीचा घास'च का हो? सगळं गाव तेझेक म्हणतं. वाळलेलं शेण ते. तुमच्या घरच्या बायकाच एवढं नाजूक बोलतात."

"सासूबाईंनी झारा मारून शिकवलंय, विहीणबाई. विसरेन कशी?" अनारकुल म्हणाली. "आणि कुणीतरी त्या अलगीरच्या शिळेवरून शेळ्या हाकला. पाहुणे आलेत आणि त्या वर चढून बसल्यात."

"थोरल्यांच्या शिळेवर?" सालकिनने मान वळवून पाहिलं. "बसू द्या. थोरल्यांना शेळ्या आवडायच्या म्हणे."

बातिरच्या स्मारकाची ती शिळा तोकोनच्या कुंपणासमोरच होती. चार वर्षांपूर्वी पहिल्या निवडणुकीच्या तोंडावर ती उभी राहिली, आणि तिच्यासोबत वंशावळीचं एक जाड पुस्तकही आलं. अलगीर बातिरला अकरा मुलगे होते हे गावातली शेंबडी पोरंही सांगत. पुस्तकात ते बारा निघाले. बारावा तेगिन, म्हणजे राजपुत्र, आणि तोकोन त्याचा थेट वारस. बातिरच्या कुळाची चारशे घरं आणि तेवढ्या घरांतली मतं, म्हणून जुमालींसकट कुळातल्या सगळ्या वडीलधाऱ्यांनी त्या दिवशी मंचावर बसून तोकोनच्या अंगावर भरजरी अंगरखा घातला, त्याला भाऊ म्हटलं, आणि उत्तम जेवण जेवून घरी गेले. तेव्हा तो पडला ते सोडा. पण भाऊ झाला तो झालाच.

शिळेशेजारी यंदाच्या प्रचाराचा फलकही होता. त्यावर तोकोन पांढऱ्या घोड्यावर स्वार होता. प्रत्यक्षात तो घोड्याला भितो. फोटो त्याच्या धाकट्या भावाने, एमीलने, यंत्राकडून करून घेतला होता. यंत्राने पोट काढलं, घोडा दिला, मागे बर्फाचे डोंगर दिले, फक्त खोगीर पोटाखालून आवळणारा तंग द्यायचा राहिला. राजधानीत ते कुणाच्या लक्षात आलं नाही. इथे पहिल्याच सकाळी तीन म्हातारे फलकासमोर उभे राहिले आणि पहिल्या वळणावर हा पडतो, असं ठरवून चहाला गेले.

एमील काल रात्रीच राजधानीहून आला होता आणि आल्यापासून भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीला तारा जोडत होता.

"एमील, ते बंद कर आणि जेवायला बस," सायकाल म्हणाली. ती तोकोनची मोठी बहीण, धाकट्यांसाठी 'एजे', म्हणजे ताई. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवल्यामुळे ती कुणाशीही बोलली तरी समोरच्याला फळ्यापाशी उभं केल्यासारखं वाटे. भावाची बाजू मात्र ती डोळे मिटून घेई. गणित तिने घराबाहेर ठेवलं होतं.

"पाचच मिनिटं, एजे. राजधानीत लोक यासाठी रांगा लावतात."

"राजधानीत लोक कशासाठीही रांगा लावतात."

"ही माझी 'सात पिढ्या'." एमील जुमालींकडे वळला. "आपल्याकडे प्रत्येक पोराला सात बापजाद्यांची नावं पाठ हवीत, बरोबर? सातांच्या आत रक्त जुळलं तर लग्न नाही. आता पाठांतराची गरजच उरली नाही. सगळी पुस्तकं यात घातलीत. हे नुसतं यंत्र नाही, व्याहीबुवा, हे विचार करतं."

"छान आहे," जुमाली म्हणाले. "घरात कुणीतरी करायलाच हवा."

दाइर मोठ्याने हसला आणि त्याने फोन काढून चित्रीकरण सुरू केलं. "परंपरा आणि तंत्रज्ञान एका छताखाली! तोकोनसाहेब, जरा पडद्याकडे बोट दाखवा. असं. आणि हसा थोडं, उमेदवार आहात."

तोकोन हसला. तो मुळात वाईट माणूस नव्हता. त्याला लोकांनी आपल्याला उठून जागा द्यावी असं वाटे, आणि पन्नास वर्षांत कुणी दिली नव्हती, इतकंच त्याचं दुखणं होतं. अनारकुलला ते माहीत होतं आणि म्हणूनच इतकी वर्षं तिने पुष्कळ गिळलं होतं.

पडद्यावर एक झाड उगवलं. मग एका बाईचा आवाज आला, इतका गोड की या घरात तसं कधी कुणी बोललं नव्हतं. "नमस्कार, आदरणीय कुटुंब. कृपया वराकडील पूर्वज सांगा."

जुमालींनी सुरी खाली ठेवली, मिशी पुसली आणि लहानपणी मार खाऊन पाठ केलेल्या सुरात म्हणाले, "जुमाली. ओमोर. सादिर. कोझो. बाइझाक. अलगीर बातिर."

वधूकडचे सांगायची गरज नव्हती. पुस्तक आत होतंच. झाडाच्या दोन फांद्या झरझर खाली आल्या, एकीवर तोकोन, कासिम, मामबेत, इसा, तेगिन अशी नावं उमटली, आणि दोन्ही फांद्या एका जागी येऊन मिळाल्या. सगळं झाड लाल झालं.

"आदरणीय कुटुंब," बाई गोडच आवाजात म्हणाली, "दोन्ही बाजूंचा सहावा पूर्वज एकच आढळला आहे. वधू आणि वर हे भाऊबहीण आहेत. हा विवाह सुचवता येत नाही. आपल्याला आनंदाच्या हार्दिक शुभेच्छा."

दाइरने फोन खिशात घातला.

अनारकुलच्या हातातला प्याला तसाच राहिला. गंमत अशी होती की बातिर फक्त सहा पिढ्या मागे आहे हे कुणी कधी मोजलंच नव्हतं. तोकोन बातिरचा कुणीही नाही हे सगळ्यांना मनातून माहीत होतं. मग मोजायचं कशाला? मंचावर अंगरखा घालणाऱ्यांना माहीत होतं, जेवणाऱ्यांना माहीत होतं, सोयरीक घेऊन येणाऱ्या जुमालींनाही माहीत होतं. त्या पुस्तकावर मनापासून विश्वास ठेवणारं अख्ख्या गावात एकच जण निघालं, ते म्हणजे हे यंत्र.

आणि आता ते बोलून बसलं होतं. खिडक्या उघड्या, अंगणात स्वयंपाकाला आलेल्या बारा बायका, कुंपणावर टेकलेले शेजारी.

"चुकलं असेल यंत्र," तोकोन म्हणाला.

"चुकणं शक्यच नाही," एमीलला मुद्दा कळलाच नव्हता. "शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर येतं. राजधानीत तपासून घेतलंय."

"त्या उरलेल्या एका वेळेबद्दलच बोलतोय मी, गाढवा."

जुमालींनी समोरच्या ताटाकडे पाहिलं. चरबी आणि कलेजी तशीच होती. "तोकोन," ते हळू म्हणाले, "मी स्वतः तुला अंगरखा घातला. भाऊ म्हटलं, सगळ्यांदेखत. माझा शब्द मीच कसा खाऊ? भावाची मुलगी सून करून नेली, असं लोकांनी म्हणायचं का? की, आम्ही मंचावर खोटं बोललो, असं सांगू? तू सांगतोस?"

 तोकोनचं घोडं तिथेच पेंड खात होतं, आणि त्या घोड्याला तर तंगही नव्हता.

सालकिनने मांडीवरच्या डबीचं झाकण दाबून घट्ट केलं. बारीकसा आवाज झाला, पण अनारकुलला तो ऐकू आला. आतल्या खोलीतही तो गेला असेल, असं तिला वाटलं.

"यात घाबरण्यासारखं काय आहे?" दाइरने सूत्रं हातात घेतली. "आठ दिवस थांबू. मतदान होऊ द्या. मग यंत्रात दुरुस्ती करू, पुस्तकाची नवी आवृत्ती काढू..."

"कर्णफुलं म्हणजे पोटनिवडणूक नव्हे," जुमाली म्हणाले. "डबी घेऊन या दारातून बाहेर पडलो की परत येता येत नाही."

"मग दुसरा मार्ग." दाइर पुढे सरकला आणि आवाज खाली आणला. "मुलगी दत्तक घेतलेली आहे म्हणायचं. रक्त वेगळं, अडचण संपली. उलट लोकांना गहिवरून येईल. उमेदवाराने अनाथ लेकरू सांभाळलं. मी आज संध्याकाळीच टाकतो सगळीकडे."

सायकालने हातातला घास ताटात ठेवला. एमीलने मान खाली घातली. अनारकुलने नवऱ्याकडे पाहिलं. तो आता उठेल, या माणसाची गचांडी धरेल, असं तिला खरोखर वाटलं. तोकोन उठला नाही. तो छताकडे बघत होता, आणि सव्वीस वर्षं त्याच्यासोबत काढलेल्या बाईला तो काय करतो आहे हे लगेच कळलं. तो विचार करत होता.

मीरिम जन्मली त्या रात्री खिंड बर्फाने बंद होती. अनारकुल चौदा तास कळा देत होती, आणि हाच माणूस दाराबाहेर बसून लहान मुलासारखा रडला होता. तिला आता राग आला. खापरपणजोबाला याने नवा बाप मिळवून दिला, तेव्हा ती गप्प बसली. मेलेल्यांना काय फरक पडतो? आता हा जिवंत पोरीचा बदलायला निघाला होता.

पुरुषांच्या बोलण्यात सुनेने पडायचं नाही. पण एका विहिणीने दुसऱ्या विहिणीशी बोलायला कुणाची ना नसते. तिने प्याला खाली ठेवला.

"विहीणबाई," ती सालकिनला म्हणाली, "तुमच्या त्या थोरल्यांचं नाव काय हो?"

सालकिन गोंधळली. "असं काय विचारता? मला कसं घेता येईल? सासरचे थोरले ते. तीस वर्षांत घेतलं नाही."

"तेच म्हणते. तुम्हाला घेता येत नाही. मला येतं. अलगीर. अलगीर बातिर. अलगीरच्या शिळेवर शेळ्या बसल्यात. हे नाव मी सव्वीस वर्षं घेतेय, आणि सासूबाई हयात असताना त्यांच्या तोंडावर घेत होते. मीठ जास्त पडलं तरी अबोला धरणारी बाई ती. तिने एकदा तरी टोकलं असतं की नाही?"

 अंगणात झारे थांबले होते.

"लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला घ्यायची नाहीत ती नावं सांगितली. चार सरळ होती. पाचवं मी दुसऱ्याच दिवशी चुलीपाशी सहज बोलून गेले आणि पाठीत झारा बसला. तेव्हापासून मी ते आगीत घालते, रोज घालते, पण त्याला त्याच्या नावाने हाक मारत नाही. सगळं गाव मला हसतं. मघाशी तुम्हीही हसलात."

सालकिनचं तोंड उघडं राहिलं. मग तिने हळूच खिडकीतून कढईखाली बघितलं, आणि जुमालींनी तिच्याकडे.

सासूबाईंनी नंतर सगळं सांगितलं होतं. खिंडीपलीकडून कुणीतरी एक पोरका पोरगा आणला, शेणाच्या टोपलीत बसवून. कुणाचा ते कुणालाच माहीत नव्हतं. याच्याकडे मरणाचं लक्ष जाऊ नये म्हणून त्याला जगातलं सगळ्यात टाकाऊ नाव दिलं. तो जगला. लोकांची मेंढरं राखून त्याने हे घर उभं केलं. आपण त्याचं खातो, सूनबाई, म्हणून त्याचं नाव तोंडात घ्यायचं नाही, असं सासूबाई म्हणाल्या होत्या. पुस्तकात त्याचाच राजपुत्र झाला होता.

"वहिनी, आता पुरे," तोकोनऐवजी दाइरच म्हणाला. "चारशे घरं आहेत त्या कुळाची."

"तू गप्प बस," सायकाल म्हणाली. सबंध वर्गाला म्हणावं तसं म्हणाली. चाळीस वर्षांचं गणित तिने अखेर घरात आणलं होतं. "अनारकुल, तुला नाव घेता येत नाही. मी या घरची मुलगी आहे, मला येतं. मी घेते."

"नको, एजे. तुम्ही नको. ज्यांनी खोडलं त्यांनीच घ्यायचं." अनारकुलने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचंही नाव तिला घेता येत नव्हतं. "मीरिमचे बाबा, घ्या नाव."

तेवढ्यात आतलं दार उघडलं. मीरिम आली. रुमाल पांढरा, चेहराही तसाच, कान मोकळे. तिने कुणाकडे पाहिलं नाही. ती सरळ मधोमध येऊन वाकली आणि चरबीच्या ताटाला हात लावला.

"थंड झालंय," ती म्हणाली. "आत नेऊ का, बाबा?"

तोकोनने लेकीच्या कानांकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं, जिथे पांढऱ्या घोड्यावर तो स्वतः बसला होता.

"तेझेक," तो पुटपुटला.

"माफ करा," पडद्यावरची बाई म्हणाली, "ऐकू आलं नाही. कृपया पुन्हा सांगा."

एमील ते बंद करायला धावला. सायकालने त्याचा हात धरला.

"तेझेक," तोकोन म्हणाला.

"कृपया थोडं मोठ्याने सांगा."

"तेझेक!" तोकोन ओरडला. गेल्या दोन निवडणुकांत एकाही सभेत त्याचा आवाज इतका लांब गेला नव्हता. कुंपणावरचे शेजारी सरळ उभे राहिले. "माझा खापरपणजोबा तेझेक! शेणाच्या टोपलीतून आला! दुसऱ्यांची मेंढरं राखायचा! मी त्याचाच, आणि ही माझी मुलगी आहे. ऐकू आलं?"

पडदा काही क्षण विचार करत राहिला. मग झाडाची एक फांदी गळून पडली आणि उरलेलं हिरवं झालं.

"अशी व्यक्ती आढळली नाही," बाई गोड आवाजात म्हणाली. "या दोन घराण्यांत कोणतंही नातं आढळलं नाही. आनंदाच्या हार्दिक शुभेच्छा."

"नातं आढळलं नाही," जुमाली म्हणाले. "ते करायलाच तर आलोय." त्यांनी मीरिमच्या हातातलं ताट काढून घेतलं, गोठलेल्या चरबीचा एक तुकडा कलेजीवर ठेवला आणि स्वतःच्या हाताने तोकोनच्या तोंडात कोंबला. "खा, व्याही. भाऊ म्हणून तू मला कधी आवडला नाहीस."

सालकिनने डबी उघडली. कर्णफुलं जड होती. मीरिमच्या कानाची पाळी खाली ओढली गेली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कानामुळे आलं असं तिने सांगितलं आणि सगळ्यांनी मानलं. अनारकुलला मात्र तसलं काही सांगायचं सुचलं नाही. ती उघड रडली.

मग तिने डोळे पुसले आणि पुन्हा सामोवारपाशी बसली. दाइर फोनवर भराभर काहीतरी लिहीत होता. तिने त्याचा प्याला मागून घेतला आणि भरला. काठापर्यंत भरला, वर फुगीर येईपर्यंत भरला, आणि दोन्ही हातांनी, अदबीने पुढे केला. दाइरने प्याल्याकडे पाहिलं. एक थेंब त्याच्या बाहीवर सांडला. त्याने उभ्यानेच दोन घोट घेतले आणि बूट शोधायला गेला.

 बाहेर कुणीतरी हसत होतं, आणि कुणीतरी त्याला गप्प करत होतं. आठ दिवसांनी काय होणार हे तोकोनला कळून चुकलं होतं. मग त्याने आपला रिकामा प्याला उचलला आणि बायकोकडे न बघता तिच्यासमोर धरला. 

अनारकुलने सामोवारची तोटी उघडली. तोकोन प्याल्यात चढणाऱ्या चहाकडे बघत राहिला.

अर्ध्यावर तिने तोटी बंद केली.